लेजिओनेलावर औषध चालतं का, हे तपासायचं कसं: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

अँटिबायोटिकची चाचणी म्हटलं की म्युलर-हिंटन अगार, स्वॉब, डिस्क आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिमीटरची पट्टी, असा आपला हात बसलेला असतो. लेजिओनेला न्यूमोफिला या न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूसाठी यातलं जवळपास काहीच चालत नाही. तो म्युलर-हिंटनवर वाढत नाही, साध्या ब्लड अगारवर वाढत नाही, दुसऱ्या दिवशी दिसत नाही. ज्या घन माध्यमावर तो छान वाढतो, ते माध्यम बरंचसं औषध स्वतःच धरून ठेवतं. एवढं सगळं सांभाळून आकडा हाती आला, तरी तो पेशीबाहेरच्या जंतूचा असतो. रुग्णाच्या फुप्फुसात हाच जंतू मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीच्या पोटात बसून वाढतो.

म्हणून या कामात प्रत्येक आकड्याला दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हा आकडा कुठल्या माध्यमात आला? आणि हे औषध पेशीच्या आत पोचून काम करतं का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांसाठीच आहेत.

प्रश्न जुनेच आहेत. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं आणि त्यानंतर न्यूमोनियाची साथ आली. २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांना जंतू सापडला तो जानेवारी १९७७ मध्ये. पण रुग्णांच्या नोंदी पाहताना एक गोष्ट लक्षात आली होती: एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन मिळालेले रुग्ण सेफॅलोस्पोरिन मिळालेल्यांपेक्षा जास्त वाचले. पुढे जंतू प्लेटवर आला, तेव्हा जेंटामायसिनसारखी औषधंही त्याला अगदी थोड्या मात्रेत रोखताना दिसली. रुग्णांत मात्र त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण ती पेशीत नीट शिरून काम करत नाहीत. प्लेट आणि रुग्ण यांच्यातलं हे अंतर सुरुवातीपासूनचं आहे.

पायरी १: आधी स्वतःला सांभाळा

लेजिओनेला श्वासावाटे फुप्फुसात जातो. माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही, पण प्रयोगशाळेत उडालेले बारीक तुषार तुमच्या नाकात जाऊ शकतात. काम जैवसुरक्षा पातळी २ चं आहे, आणि ज्या कृतीत तुषार उडतात ती प्रत्येक कृती क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करायची. व्होर्टेक्स मिक्सरवर नळी घुसळणं, पिपेटने जोरात वर-खाली करणं, सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडणं ही तुषारांची खरी ठिकाणं. सेंट्रिफ्यूजला बंद झाकणाचा रोटर वापरा, आणि फिरवून झाल्यावर तो कॅबिनेटमध्ये नेऊनच उघडा. विभागात कुणी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेत असेल, तर त्या व्यक्तीला या कामापासून लांब ठेवणं ही वरिष्ठांची जबाबदारी आहे. नवख्या विद्यार्थ्यानेही ते बेधडक विचारावं.

पायरी २: जंतू ओळखून, ताजा करून घ्या

उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये ठेवलेल्या साठ्यातून बीसीवायई अगारवर रेघा ओढा. बीसीवायई म्हणजे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, कोळशाची पूड, एल-सिस्टीन, विद्राव्य लोह आणि अल्फा-कीटोग्लुटारेट असलेलं, एसीईएस बफरने सांभाळलेलं माध्यम. ३५ ते ३७ अंशांवर, ओलसर हवेत ठेवा. वसाहती दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, आणि साठ्यातून नुकत्याच काढलेल्या जंतूला घाई चालत नाही. भिंगाखाली वसाहत घासलेल्या काचेसारखी दिसते, कडेला निळसर-जांभळी झाक असते. ही झाक एकदा नीट बघून ठेवा, पुढे दूषित प्लेट ओळखायला फार उपयोगी पडते.

दुसरी खातरजमा सोपी आहे. तीच वसाहत सिस्टीन असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर लावा. लेजिओनेला न्यूमोफिला सिस्टीनशिवाय वाढत नाही. दोन्हीकडे वाढ आली, तर चाचणी तिथेच थांबवा.

पुन्हा पुन्हा प्लेट बदलत जंतू महिनोन्महिने चालवू नका. माध्यमावर रुळलेला जंतू पेशीत वाढायची ताकद गमावू शकतो, आणि मग शेवटच्या पायरीतली आकडेवारी निरर्थक ठरते. प्रत्येक प्रयोगाला साठ्यातून नवीन सुरुवात करावी. तुलनेसाठी एटीसीसी (अमेरिकेतला प्रमाणित जंतूंचा संग्रह) ३३१५२ हा मूळ फिलाडेल्फियाचा स्ट्रेन दर वेळी सोबत चालवा.

पायरी ३: माध्यम निवडा (इथे वेळ घालवा)

कोळसा माध्यमात घातला जातो त्याला कारण आहे. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये आणि अगारमध्ये या जंतूला विषारी ठरणारे पदार्थ असतात किंवा तयार होतात, आणि कोळसा ते शोषून घेतो. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा जे काम करतो, तेच. पण विष आणि औषध यांत कोळसा फरक करत नाही. फ्लुरोक्विनोलोन (लेव्होफ्लोक्सॅसिनचा गट), मॅक्रोलाइड (ॲझिथ्रोमायसिनचा गट), रिफॅम्पिसिन यांचा काही भाग तो धरून ठेवतो. जंतूपर्यंत औषध कमी पोचतं आणि एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, खऱ्यापेक्षा जास्त दिसते. बीसीवायईवर आलेला लेव्होफ्लोक्सॅसिनचा आकडा आणि कोळसा नसलेल्या द्रव माध्यमातला आकडा यांत त्यामुळे मोठं अंतर असतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'हा स्ट्रेन जास्त प्रतिकारक' असं म्हणणं चूक आहे.

मोजमापासाठी माझा स्पष्ट कौल बीवायई ब्रॉथला, म्हणजे कोळसा नसलेल्या द्रव माध्यमाला आहे. एक लिटरला साधारण १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १० ग्रॅम एसीईएस आणि १ ग्रॅम अल्फा-कीटोग्लुटारेट घ्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.९ वर आणा आणि ऑटोक्लेव्ह करा. थंड झाल्यावर ०.४ ग्रॅम एल-सिस्टीन आणि ०.२५ ग्रॅम विद्राव्य फेरिक पायरोफॉस्फेट वेगवेगळं विरघळवून, गाळून घाला. या दोन गोष्टी ऑटोक्लेव्हमध्ये कधीही नाहीत.

फेरिक पायरोफॉस्फेटच्या बाटलीकडे नीट बघा. चांगल्या पुडीचा रंग हिरवट असतो. ती पिवळट किंवा तपकिरी झाली असेल तर टाकून द्या, कितीही महाग असली तरी. ही पूड कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवायची. आपल्याकडच्या पावसाळी हवेत डेसिकेटरशिवाय ती टिकत नाही. माध्यमावर जंतू वाढत नाही म्हणून लोक स्ट्रेनला दोष देतात, आणि खोट या बाटलीत असते.

पीएच शेवटी, सगळं घालून झाल्यावर, खोलीच्या तापमानाला पुन्हा मोजा. ६.९ पासून जरा हललं तरी वाढ मंदावते. शिवाय ॲझिथ्रोमायसिनसारखं मॅक्रोलाइड आम्लधर्मी माध्यमात दुबळं पडतं, त्यामुळे पीएच घसरला की त्याचा एमआयसी वर चढतो. माध्यमातलं लोहही निरुपद्रवी नाही. टेट्रासायक्लिन गटातली औषधं आणि काही प्रमाणात क्विनोलोन धातूंच्या आयनांना बांधली जातात. डॉक्सिसायक्लिनचा आकडा जास्त आला तर आधी याचा विचार करा.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी अलीकडे लासारस नावाचं कोळसाविरहित घन माध्यम तयार केलं आहे. औषध अगारमध्येच मिसळून एका प्लेटवर अनेक स्ट्रेन तपासायचे असतील, तर ही दिशा आशादायक आहे.

पायरी ४: औषधाचं द्रावण

वॉर्डातली गोळी कुटून वापरू नका. ज्याच्यावर शुद्धतेचा आकडा छापलेला आहे अशी प्रमाणित पूडच हवी. शुद्धता प्रति मिलिग्रॅम ९५० मायक्रोग्रॅम असेल आणि १० मिली द्रावण १२८० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं हवं असेल, तर १० गुणिले १२८० भागिले ९५०, म्हणजे १३.४७ मिलिग्रॅम पूड घ्यायची. तराजूवर नेमकं तेवढं येत नाही. जेवढं आलं तेवढ्यावरून द्रवाचं माप उलट काढा.

ॲझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, रिफॅम्पिसिन मिथेनॉलमध्ये, डॉक्सिसायक्लिन पाण्यात विरघळतं. लेव्होफ्लोक्सॅसिनला निम्मं पाणी घालून मग सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब लागतात. पुढचं सगळं पातळ करणं बीवायईमध्ये. छोट्या नळ्यांत भरून उणे ८० वर ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

नवख्याने सुरुवात लेव्होफ्लोक्सॅसिन आणि ॲझिथ्रोमायसिन यांनी करावी. उपचारात हीच दोन आज पहिल्या पसंतीची आहेत.

पायरी ५: ९६ खणांची प्लेट लावणे

लेव्होफ्लोक्सॅसिनसाठी १ पासून ०.००२ मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत दहा पायऱ्या पुरतात, ॲझिथ्रोमायसिनसाठी ४ पासून ०.००८ पर्यंत. लेव्होफ्लोक्सॅसिनची प्लेट अशी लावा:

- पहिल्या स्तंभात २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं औषध १०० मायक्रोलिटर. स्तंभ २ ते ११ मध्ये ५० मायक्रोलिटर नुसतं बीवायई, बाराव्यात १००.
- पहिल्यातून ५० उचलून दुसऱ्यात, मिसळून तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत. दहाव्यातले शेवटचे ५० टाकून द्या. अकरावा स्तंभ औषधाविना वाढीचा, बारावा निर्जंतुकतेचा.
- ताज्या वसाहतींपासून ०.५ मॅकफारलंडचं (गढूळपणाचं प्रमाणित माप) गढूळपण करा, बीवायईमध्ये १:१०० पातळ करा, आणि स्तंभ १ ते ११ मध्ये प्रत्येकी ५० मायक्रोलिटर घाला.

आता औषध निम्म्यावर आलं आणि जंतू साधारण ५ लाख प्रति मिली झाले. जंतूचं गढूळपण सलाइनमध्ये करू नका, निर्जंतुक पाणी किंवा बीवायई वापरा. पेशींना बाधा करण्याच्या अवस्थेतला लेजिओनेला मिठाला नाजूक असतो, आणि सलाइनमध्ये ताटकळला तर मोजणी आपोआप घसरते.

मॅकफारलंडवर आंधळा विश्वास नको. लावल्या लावल्या अकराव्या स्तंभातून १० मायक्रोलिटर काढून १० मिली पाण्यात मिसळा, त्यातले १०० मायक्रोलिटर बीसीवायईवर पसरा. साधारण ५० वसाहती आल्या तर मात्रा बरोबर. दहाच आल्या, तर औषध उगाच प्रभावी दिसेल.

प्लेट ४८ तास ठेवायची आहे, त्यामुळे कडेचे खण सुकतात. ओल्या टिश्यूच्या डब्यात, झाकण लावून ठेवा.

पायरी ६: वाचणे

प्लेट काळ्या कागदावर धरून खालून बघा. वाढ तळाला पांढुरक्या ठिपक्यासारखी किंवा धूसर दिसते. जुन्या वाढीत लेजिओनेला तपकिरी रंगद्रव्य सोडतो, म्हणून रंगावरून निर्णय घेऊ नका. फक्त गढूळपणा बघा. ज्या सगळ्यात कमी मात्रेच्या खणात वाढ नाही, ती मात्रा म्हणजे एमआयसी. वाढीचा स्तंभ क्षीण असेल तर आणखी एक दिवस थांबा. तेव्हाही क्षीणच असेल तर प्लेट बाद.

सोबत ज्ञात जंतूंची प्लेट हवीच. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये लेव्होफ्लोक्सॅसिनचा आकडा ०.००८ ते ०.०६ मध्ये, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ वर ॲझिथ्रोमायसिनचा ०.५ ते २ मध्ये यायला हवा. तो तसा आला, म्हणजे तुमचं औषध आणि तुमचा हात ठीक आहे. मग हेच दोन जंतू बीवायईमध्ये लावा. दोन माध्यमांत जो फरक पडेल, तो तुमच्या माध्यमाने केलेला फरक. लेजिओनेलाचा आकडा वाचताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवा. मला ही संपूर्ण कामातली सगळ्यात शिकवणारी प्लेट वाटते, आणि नेमकी तीच लोक वेळ वाचवण्यासाठी गाळतात.

एमआयसीची पट्टी, म्हणजे ग्रेडियंट स्ट्रिप, बीसीवायईवर लावणं सोपं आहे आणि रुग्णालयातल्या छोट्या विभागाला तेच परवडतं. चालेल. मात्र तिचा आकडा फक्त त्याच पद्धतीने काढलेल्या, नेहमीच्या संवेदनशील स्ट्रेनच्या आकड्यांशीच पडताळायचा.

पायरी ७: अहवालात 'एस' किंवा 'आर' लिहू नका

युरोपच्या युकास्ट किंवा अमेरिकेच्या सीएलएसआय या चाचणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थांनी लेजिओनेलासाठी रुग्णाशी जोडलेल्या सीमारेषा दिलेल्या नाहीत. त्यामुळे संवेदनशील की प्रतिकारक, हे ठरवणारा अधिकृत आकडाच नाही. दुसऱ्या जंतूची सीमारेषा उसनी आणून शिक्का मारणं धोक्याचं आहे. तुम्ही एवढंच म्हणू शकता की हा स्ट्रेन नेहमीच्या गटात बसतो किंवा बसत नाही.

बसत नसेल तर प्रयोग पुन्हा करा, आणि तरीही तसाच राहिला तर जनुकं बघा. क्विनोलोनसाठी जायर-ए जनुकातल्या ८३ आणि ८७ या जागा, मॅक्रोलाइडसाठी २३-एस आरआरएनए. ॲझिथ्रोमायसिनचा आकडा थोडासाच वर असेल तर एलपीई-एबी हा औषध बाहेर फेकणारा पंप शोधा. काही स्ट्रेनमध्ये तो जन्मजात असतो.

प्रतिकार विरळा आहे, पण काल्पनिक नाही. २०१४ मध्ये नेदरलँड्समधून सिप्रोफ्लोक्सॅसिनला दाद न देणाऱ्या रुग्णातल्या स्ट्रेनची नोंद झाली. फ्रान्समधल्या संशोधकांना २०१५ मध्ये, क्विनोलोन सुरू असलेल्या रुग्णांच्या श्वसनमार्गातल्या नमुन्यांत जायर-ए बदललेले जंतू उपचारादरम्यान वाढताना दिसले. असा बदल आधी थोड्याच जंतूंत असतो. एकच वसाहत उचलली तर तो सुटतो, म्हणून चार-पाच वसाहती वेगवेगळ्या तपासा.

पायरी ८: पेशीच्या आत

टीएचपी-१ या मानवी मोनोसाइट पेशी २४ खणांच्या प्लेटमध्ये पीएमए हे रसायन देऊन चिकटवून घ्या. त्यांच्या माध्यमात नेहमीचं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन अजिबात नको. जंतू ब्रॉथमध्ये वाढीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत न्या. सूक्ष्मदर्शकाखाली ते पळताना दिसले की बाधा करायला तयार आहेत. प्रत्येक पेशीमागे एक किंवा त्याहून कमी जंतू घाला, तास-दोन तास थांबा, धुवा. बाहेर राहिलेले जंतू तासभर जेंटामायसिन देऊन मारा आणि पुन्हा नीट धुवा. जे जेंटामायसिन रुग्णाला उपयोगी नाही, ते इथे त्याच कारणासाठी उपयोगी आहे: ते सहजी आत शिरत नाही.

आता औषध एमआयसीच्या १ पट, ४ पट, १६ पट असं द्या. शून्य, २४, ४८ आणि ७२ तासांना एकेका खणातल्या पेशी थंड निर्जंतुक पाण्याने फोडा, पातळ करून बीसीवायईवर पसरा. औषधाविना खणांत जंतू ४८ ते ७२ तासांत शंभरपट किंवा जास्त वाढायला हवेत. ते वाढले नाहीत तर बाकीचं काही वाचू नका. शिवाय जंतू न घातलेल्या पेशींना नुसतं औषध देऊन त्या जिवंत राहतात का, हे ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) बघा. पेशीच मेल्या तर जंतूंना घर उरत नाही आणि औषध फुकट श्रेय घेऊन जातं.

पायरी ३ मध्ये आकडा बिघडवणारा कोळसा इथे उपयोगी पडतो. नमुन्याबरोबर आलेलं थोडं औषध बीसीवायईतला कोळसा शोषून घेतो, त्यामुळे मोजणीच्या प्लेटवर उरलेल्या औषधाचा परिणाम कमी होतो.

७२ तासांवर थांबू नका. काही खणांतलं औषध धुऊन टाका आणि आणखी दोन-तीन दिवस मोजत राहा. मार्कस हॉर्विट्झ आणि सॅम्युअल सिल्व्हरस्टीन यांनी १९८३ मध्ये मानवी मोनोसाइटमध्ये दाखवलं की एरिथ्रोमायसिन आणि रिफॅम्पिसिन आतल्या लेजिओनेलाची वाढ थांबवतात, पण त्याला मारत नाहीत. औषध काढलं की तो पुन्हा वाढू लागतो. थांबणं आणि मरणं यातला हा फरक ९६ खणांच्या प्लेटवर कधीच दिसत नाही. उपचार किती दिवस द्यायचे, हा प्रश्न डॉक्टर विचारतात तेव्हा याच प्रयोगाकडे बोट दाखवता येतं.

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी

ही चाचणी रुग्णाच्या आजच्या औषधासाठी नाही. वसाहत यायलाच तीन ते पाच दिवस जातात, आणि संशय आला त्याच तासाला लेव्होफ्लोक्सॅसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन सुरू व्हायला हवं. डॉक्टरांनी निकालासाठी थांबू नये, हे फोनवर सांगा. जेंटामायसिन किंवा सेफॅलोस्पोरिनचा कमी दिसणारा एमआयसी वॉर्डात पाठवूच नका.

आणखी एक विनंती. बहुतेक निदान लघवीतल्या प्रतिजनाच्या झटपट चाचणीवर होतं. ती मुख्यतः सेरोग्रुप १ हा या जंतूचा एकच उपगट पकडते, आणि तिच्यातून तपासायला जंतू मिळत नाही. ती चाचणी पॉझिटिव्ह आली तरी कफाचा किंवा ब्राँकोस्कोपीतून घेतलेला नमुना कल्चरला मागून घ्या. तीन दिवसांत ताप उतरत नसेल तर दुसरा नमुना मागा. दोन्ही वेळचे जंतू वेगवेगळ्या नळ्यांत, तारीख आणि चालू औषधाचं नाव लिहून उणे ८० वर ठेवा.